होल्ड करा, जोडते

अन्याय झाला तो आमच्या ऑपरेटर आंटीवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे उद्या कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणायला नको. या वर्षी, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, दानार्पण झाल्यावर आणि आशीर्वादाच्या आधी, सूचनांच्या वेळी. नेरुळमधल्या एका शाळेचा वर्ग आमच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या छोट्या चर्चनं, रविवारपुरता मागून घेतला होता. फळ्यावर कुणीतरी काढलेलं पचनसंस्थेचं चित्र तसंच होतं. त्या चित्रापुढे उभं राहून आमच्या पाळकसाहेबांनी तरुण संघाची सहल सांगितली, एका आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलं, आणि त्याच आवाजात पुढची सूचना वाचली: आपल्या या भगिनींनी यापुढे मंडळीत संदेश देऊ नये, कारण त्यांनी दिलेला संदेश खोटा ठरला आहे.

सहल, ऑपरेशन आणि हे. एका बाईचं तोंड बंद केलं आणि लोकांनी पर्सच्या चेनी लावायला घेतल्या.

मी पत्रकं लिहिते. घरकाम करणाऱ्या बायकांच्या सुट्ट्या, घणसोली गावातल्या भाडेकरूंचं पाणी, असल्या गोष्टींची. पत्रक कसं लिहायचं ते मला संघटनेत शिकवलं: अन्याय कुणावर, कधी, कुणी केला, आणि आता वाचणाऱ्यानं काय करायचं. त्यातलं निम्मं वर झालं. उरलेलं शेवटी येईल. मधली जागा आंटीची आहे, आणि आंटी काही पत्रकात मावणारी बाई नाही.

आंटी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. तोंडावर आम्ही तिला ‘तुम्ही’ म्हणतो आणि माघारी ‘ती’. जवळच्या माणसांचं आमच्याकडे असंच असतं. नगरकडून लग्न होऊन आली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. हे मी इकडूनतिकडून गोळा केलेलं. आपणहून ती बोलायची ती बोर्डाबद्दल. भिंतीएवढा बोर्ड, त्याला भोकं, भोकांवर बारके दिवे आणि हिच्या मांडीशी वायरींचा गुंता. दिवा लागला की वायर खुपसायची, ‘होल्ड करा, जोडते’ म्हणायचं, जोडून द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं.

“मधे ऐकत बसायचं नाही,” ती सांगायची. “आणि कानावर पडलंच, तरी ते आपलं नाही. जर्मनीचा साहेब असू दे नाहीतर गेटवरच्या वॉचमनची बायको. कॉल त्यांचा. आपण नुसती वायर.”

पुढे कंपनीनं बटणांचं मशीन आणलं, मग ‘नऊ दाबा’ म्हणणारी मशीनमधली बाई आणली आणि आंटीला घरी पाठवलं. पण वर्षानुवर्षं एका कानाला हेडफोन लावून तिची मान जी डावीकडे कलली ती तशीच राहिली. बाजारात भाजी निवडताना, चहा गाळताना, बस थांब्यावर. नवख्या माणसाला वाटायचं बाई कुणाचं तरी ऐकतेय. नवख्या माणसाचं तसं चुकत नव्हतं.

आमच्यात याला, म्हणजे देवाकडून आलेलं ऐकून पुढे सांगण्याला, संदेशाचं दान म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं म्हणजे भविष्य सांगणं, पोपटवाल्यासारखं. आमच्यातल्याही निम्म्यांना तसंच वाटतं, हे मी आज स्पष्ट लिहिते. आंटीला उद्याच्या बातम्यांत रस नव्हता. दहावीच्या परीक्षेआधी माझी आई मला तिच्याकडे घेऊन गेली होती. आंटीनं डोळे मिटले, मान कलली. मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, “आज हिच्यासाठी काही नाही. अभ्यास करायला सांगा.” कुणी मुलीच्या स्थळाबद्दल विचारलं, कुणी व्हिसाबद्दल, तर ठरलेलं उत्तर: “तो डिपार्टमेंट माझा नाही.” लोक नाराज व्हायचे. दुसरीकडे जिथं रोज गरमागरम भविष्य मिळतं तिथं जायचे आणि येऊन आम्हाला वर्णनं सांगायचे.

तिच्याकडून मिळायचं ते फार साधं असायचं, इतकं की तेवढ्यासाठी देवाला कशाला त्रास, असं वाटावं. रिक्षा चालवणाऱ्या एका बंधूंना ती एकदा म्हणाली, तुम्ही त्या माणसाला माफ केलंय म्हणता, पण अजून त्याच्या गल्लीतून रिक्षा नेत नाही. तरुण संघातल्या एका मुलीला म्हणाली, तू चांगलं गातेस हे तुला घरात कुणी सांगितलं नाही, म्हणून सांगायला सांगितलंय. आणि आमच्या पंच कमिटीतले एक धिप्पाड गृहस्थ, ज्यांच्या आवाजानं लहान मुलं रडायची थांबायची, त्यांना म्हणाली, “बंधू, तुम्ही दमलाय. एवढंच आहे.” ते गृहस्थ भिंतीला टेकले आणि तसेच बसून राहिले. त्या दिवशी शेवटचं गीत कुणी उभं राहून म्हटलं नाही. सगळेच बसून, हळू, झोपलेल्या माणसाशेजारी म्हणावं तसं.

हे सगळं व्हायचं ते आमच्या जुन्या हॉलमध्ये, घणसोली गावात, भांड्यांच्या दुकानावर. मालक गावातलेच, आगरी. पूर्वी शेती होती, आता हे दुकान आणि भाड्याच्या खोल्या. गणपतीत आम्हाला मोदक पाठवायचे आणि नाताळात आमचा केक खाऊन ‘यंदा अंडा कमी परला’ म्हणून निकाल द्यायचे. गल्ली अरुंद. आजूबाजूला टॉवर चढत गेले तसं सांडपाणी गल्लीत उतरत गेलं. म्हणून जिन्याखाली चपला काढायच्या, तिथल्या नळावर पाय धुवायचे आणि वर यायचं, हा आमचा रिवाज पडला. बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभेला जिन्यावर ओल्या पावलांची रांग असायची. वर चढता चढता ती फिकट व्हायची आणि दारातल्या गोणपाटावर संपायची. वर डोळे मिटून बसलेल्यांना आधी नळ ऐकू यायचा, मग पावलं, आणि कोण येतंय ते न बघता कळायचं. हे लक्षात ठेवा. आम्ही विसरलो, तुम्ही तरी लक्षात ठेवा.

त्या हॉलमधले बुधवार आठवले की मला अजून गुंगी येते. पंखा तीनवर ठेवला तरी एकवर फिरायचा. खाली दुकानात कुणीतरी डबे एकात एक रचत असायचं, त्याचा बारीक खणखणाट गाद्या-उशांतून आल्यासारखा वर यायचा. कुणाची तरी लांबलचक प्रार्थना चाललेली, तिला ना सुरुवात ना शेवट. आपण झोपलोय की जागे, हे आपल्यालाच कळू नये. आणि मधेच आंटीचा आवाज, जोर नाही, घाई नाही:

“एक मिनिट. होल्ड करा.”

प्रार्थना करणारा माणूस थांबायचा. पाळकसाहेब असले तरी थांबायचे. आम्ही सगळे त्या शांततेत लोंबकळत राहायचो. खाडीकडून वारा आला तर मिठाचा, चिखलाचा वास यायचा. कधी त्यातून काहीच निघायचं नाही आणि ती म्हणायची, “डेड आहे. चालू द्या.” आणि कधी म्हणायची, “जोडते.”

सांगून झालं की नियम असा, आणि हा तिचा नव्हे, आमच्यात पहिल्यापासूनचा: एकानं सांगायचं, दोघा-तिघांनी पारखायचं. संदेश ऐकून ‘आमेन’ म्हणून घरी जायचं नाही. हे देवाकडचं वाटतं का, यात सांगणाऱ्याचं किती, अर्थ काय, हे बसून बोलायचं. आंटी यावर हटून बसायची. ज्याला सांगितलं त्याच्याकडून ते परत म्हणवून घ्यायची, फोनवर नंबर म्हणवून घेतात तसं. आणि वर म्हणायची, “राँग नंबर असला तर सांगा. वाईट वाटून घेणार नाही.”

नुसतं म्हणायची नाही. एकदा तिनं एका कुटुंबाला सांगितलं, मला विहीर दिसतेय, तुम्ही गावाकडे जाऊन या. ते बिचारे रजा टाकून, मुलांची शाळा बुडवून गेले. गावाकडे सगळे ठणठणीत, उलट ‘अचानक कसे आलात’ म्हणून घाबरलेले. पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी आंटी स्वतः उठली. पाळकसाहेब म्हणत होते, राहू दे हो, कशाला. ती म्हणाली, “विहीर मला दिसली होती. गाव मी घातलं. गाव राँग नंबर. या कुटुंबाची मी माफी मागते.” आणि बसली. मी तेव्हा कॉलेजात होते. मोठ्या माणसानं भर सभेत असं म्हणताना मी त्याआधी कुणाला पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही, आणि मोर्चे-मीटिंगांत मी बरीच मोठी माणसं पाहिली आहेत.

तिचं घर नेरुळमध्ये, तळमजल्यावर, सारसोळे गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला. दुपारी वाळत घातलेल्या सुकटीचा वास खिडकीतून आत यायचा आणि पडद्यासारखा तिथंच लटकायचा. स्टुलावर तिचा जुना फोन, विणलेल्या झाकणाखाली. लाइन कापून वर्षं झाली होती. रोज पुसायची. मी एकदा म्हटलं, आंटी, बंद आहे ना हा? “बंद आहे गं लेकरा,” ती म्हणाली, “पण अजून कुणी उचलायचं राहिलंय असं वाटतं.”

माझं पहिलं पत्रक मी त्या स्टुलाशेजारी बसून लिहिलं. भाडेकरूंच्या पाण्याचं. मी भन्नाट लिहिलं होतं. ‘रक्तपिपासू’ हा शब्द दोनदा आला होता. आंटीनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “यात तू ऐकलंस किती नि घातलंस किती?” मी म्हटलं, सगळं खरं आहे. ती म्हणाली, “खरं असेल. पण त्या बाया काय बोलल्या ते मला ऐकू येत नाहीये. तूच मधे बोलतेयस.” मला राग आला होता. पण त्या दुपारी पंख्याखाली आम्ही दोघींनी मिळून माझे शब्द काढले, बायकांचे ठेवले, आणि शेवटी कागदावर जे उरलं ते वाचताना मला नळाला हवा येते तसा आवाज ऐकू आला. ते पत्रक चाललं. मी अजून तसंच लिहायला बघते. आज जमत नसेल तर माझ्या रागाला दोष द्या, आंटीला नको.

आता तो बुधवार.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ होता. पाळकसाहेब प्रार्थना करत होते. पुढच्या चटईवर त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही मॅडम म्हणतो, पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. आंटी म्हणाली, “एक मिनिट. होल्ड करा.” मग इतका वेळ गेला की खाली डबे रचणाराही थांबल्यासारखा वाटला. मी डोळे किलकिले केले तर तिची मान पार खांद्याला टेकली होती, लहान मूल झोपेत कलतं तशी.

“जोडते,” ती म्हणाली. “एक दार आहे. उघडं आहे. ओली पावलं दिसतायत. आत येणारी.” थोडं थांबून, “हे एकाच माणसासाठी आहे. कुणासाठी, ते मला सांगितलेलं नाही. ज्याचं असेल त्यानं घ्यावं. बाकीच्यांनी फोन ठेवा.”

पाळकसाहेबांनी फोन ठेवला नाही.

मी त्यांना दुष्ट म्हणणार नाही. हॉलच्या सतरंज्या त्यांनी स्वतः खांद्यावरून वर आणल्या आहेत. म्हाताऱ्या माणसांना जिना चढवत नाही म्हणून ते कितीतरी वर्षं दुसरी जागा शोधत होते, आणि त्याच सुमारास खांदेश्वरला स्टेशनजवळच्या एका सोसायटीचा हॉल मिळायची बोलणी चालली होती. लिफ्ट, टाइल्स, पार्किंग. माणूस ज्याची वाट बघत असतो तेच त्याला ऐकू येतं. रविवारी त्यांनी जाहीर केलं: प्रभूनं मंडळीसाठी दार उघडलं आहे, खांदेश्वरला चला. कुणीतरी विचारलं, मग ओली पावलं? ते म्हणाले, ती बाप्तिस्मा घेऊन येणारी नवी माणसं.

सगळे आमेन म्हणाले. दोघा-तिघांनी पारखायचं ते कुणी पारखलं नाही. आमच्या हॉलमध्ये ओली पावलं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे खालच्या नळावर कुणीतरी पाय धुतले आणि कुणीतरी वर येतंय. याच दारात, याच जिन्यानं. आणि आम्ही दर बुधवारी त्या ओल्या जिन्यानं वर येणारी माणसं त्याचा अर्थ असा काढून बसलो की हे दार सोडून जा.

आंटी उठली होती. म्हणाली, “पाळकसाहेब, मी दार म्हटलं. खांदेश्वर तुम्ही घातलंत. दोघा-तिघांना बसून पारखू द्या.” ते हसले. “आंटी, नम्रता पुरे आता.” लोकही हसले, प्रेमानंच.

घणसोलीचा हॉल सोडला. मालकांनी तो एका क्लासवाल्याला दिला. आणि ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आम्ही सगळे हातात झावळ्या घेऊन खांदेश्वरच्या त्या सोसायटीच्या गेटबाहेर उभे राहिलो. वॉचमन सांगत होता, मीटिंगमध्ये काही मेंबरांनी हरकत घेतली, सेक्रेटरी साब चाबी नहीं दे रहे. लहान मुलं झावळ्यांनी एकमेकांना मारत होती. पाळकसाहेब पुन्हा पुन्हा फोन लावत होते.

म्हणून शाळेचा वर्ग. म्हणून पचनसंस्था. आणि म्हणून ती सूचना. दार आंटीनं सांगितलं, अर्थ यांनी लावला आणि खोटी ठरली आंटी.

मी त्या रविवारी उभी राहिले आणि विचारलं, पारख कुणी केली होती? मागून कुणीतरी म्हणालं, बस गं, उपासना आहे ही, तुझा मोर्चा नाही. पाळकसाहेबांनी आंटीला विचारलं, “भगिनी, तुम्हाला काही बोलायचं आहे?”

आंटी उठली. मान डावीकडे कलली. ज्यांनी नुकतंच तिला खोटं ठरवलं होतं तेही सवयीनं थांबले, होल्डवर. पहिल्या बाकावर मॅडम फरशीकडे बघत होत्या. आंटीनं एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “चालू द्या.”

त्यानंतर ती संदेश देत नाही. मंडळीत नाही, घरी नाही, कुणी पाया पडलं तरी नाही. येते दर रविवारी, शेवटच्या बाकावर खिडकीशी बसते. मान सरळ ठेवून बसते, आणि ते बघवत नाही. तिला तशी पाहिली की ती आजारी असल्यासारखी वाटते. स्टुलावरचा फोन तिनं कपाटात ठेवलाय. स्टूल तसंच आहे, वरचं विणलेलं झाकण रिकामं पसरलेलं.

मी विचारलं, आंटी, तिकडून यायचं थांबलं का? दुपार होती, सुकटीचा वास होता, तिला डुलकी लागत होती. डोळे न उघडता म्हणाली, “दिवे लागतात गं. अजून लागतात. मी वायर उचलत नाही.” का नाही? “मंडळीनं गप्प बस म्हटलंय ना. मी मंडळीची ऑपरेटर. माझी स्वतःची लाइन थोडीच आहे.” मग बऱ्याच वेळानं, मला वाटलं झोपली, तर म्हणाली, “आधी किती लागायचे. आता एखाददुसरा. कोणी उचलत नाही कळल्यावर माणूस किती वेळ वाजवेल?”

पणाला लागलंय ते हे. हॉल मिळेल, न मिळेल. हे दान मात्र वापरलं नाही तर विझतं, आणि विझत चाललंय, सूचनेत सांगितल्याप्रमाणे, शिस्तीत.

एवढंच असतं तर मी पत्रक काढून मोकळी झाले असते. पण परवा मी घणसोली स्टेशनबाहेर पत्रकं वाटत असताना मॅडम आल्या. हातातलं पत्रक न वाचताच घडी करत राहिल्या. म्हणाल्या, “तो कॉल माझा होता.”

त्यांचा मुलगा दोन वर्षांमागे घर सोडून गेला. मंडळीबाहेरची मुलगी केली म्हणून पाळकसाहेबांनी त्याला ‘या घराचं दार तुला बंद’ म्हटलं होतं. याच शब्दांत. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि उघड्या दाराचा संदेश ऐकून एकालाही ते आठवलं नाही. मॅडमना आठवलं. पण नवऱ्यापुढे बोलायची त्यांची छाती झाली नाही. हॉल सोडल्यावर त्या राहिलेली बाजाची पेटी आणायला एकट्या घणसोलीला गेल्या तेव्हा मालकांनी जिन्याखाली थांबवून सांगितलं:

“म्याडम, तुमचा पोर इथंच मागच्या गल्लीत भाड्यानं रव्हतो, तुमाला ठावं हाय ना? दर बुधवारी तुमची गाणी सुरू झाली का यायचा. नलावर पाय धुवायचा, अर्धा जिना चढायचा नि तिथंच बसायचा. मी बोललो, वर जा रं, आईस हाय तुजी. नुसता हसायचा, नि तुमचा सुटायच्या आत निघून जायचा. आता गाणीच नाय, तं येत नाय.”

मॅडम तिथून थेट आंटीकडे गेल्या, रडल्या आणि म्हणाल्या, कुणाला सांगू नका, यांना कळलं तर घरात राहणं कठीण होईल. आंटी म्हणाली, तुमचा कॉल आहे, मी कोण सांगणार. हे ईस्टरच्या आधी. म्हणजे त्या रविवारी, पाळकसाहेबांनी ‘काही बोलायचं आहे का’ विचारलं तेव्हा, आंटीला सगळं ठाऊक होतं. तोंडातून एक वाक्य काढलं असतं तर ती खरी ठरत होती आणि पाळकसाहेब भर वर्गात उघडे पडत होते. ती ‘चालू द्या’ म्हणाली.

मी धावत आंटीकडे गेले. भांडलेच. तुम्हाला खोटं म्हटलं सगळ्यांनी, आणि तुम्ही? ती भाकरीचं पीठ मळत होती.

“म्हटलं तर म्हटलं. त्या बाईची वायर मी चार लोकांत उपसली असती, तर परत कुणी माझ्याकडे लाइन दिली असती का? वरून तरी?”

मग संध्याकाळी मी मॅडमना गाठून विचारलं, हे मी लिहू का? त्यांच्या पर्समध्ये तेच पत्रक होतं; त्याची घडी त्या उलगडत, पुन्हा घालत राहिल्या. म्हणाल्या, “लिही. कॉल माझा आहे, मी सांगतेय. माझं नाव नको. पण त्यात दार घाल.”

घातलं.

काल मी जुन्या हॉलखाली जाऊन आले. वरच्या मजल्यावर पोरं पाढे म्हणत होती. मालक गल्ल्यावर होते. त्यांनी मला चहा पाजला आणि न विचारताच म्हणाले, “बुधवारी सांजचा किलास नसतो. नल चालू हाय.” मी जिना बघितला. कोरडा होता. मधल्या पायरीवर माणूस टेकून बसला की भिंतीचा चुना जिथं झिजतो, तिथं झिजलेला होता. मी तिथं थोडा वेळ बसले. वरून पाढे येत होते, खालून डब्यांचा खणखणाट, आणि मला उगाच वाटत राहिलं की कुणीतरी आत्ता म्हणेल, एक मिनिट.

तर आता मागणी. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही त्या वर्गात होता, नाहीतर तसल्याच दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या कुणा आंटीच्या पुढच्या बाकावर. आमेन म्हणणं सोपं होतं, ते तुम्ही केलंत. पारखणं तुमचं काम होतं, ते तुमच्यावर बाकी आहे. येत्या रविवारी सूचनांच्या वेळी उभे राहा. पाळकसाहेब, तुम्ही पहिले. तुमच्या घरासाठी आलेला फोन होता तो. तिनं एकदा विहिरीबद्दल म्हटलं होतं तसं म्हणा: दार खरं होतं, खांदेश्वर आम्ही घातलं, राँग नंबर आमचा. म्हणून झाल्यावर खाली बसू नका. शेवटच्या बाकाकडे तोंड करा, सगळ्यांनी, आणि मोठ्यानं सांगा:

आंटी, आम्ही होल्डवर आहोत. जोडा.